सातव्या खेळीपुढचं प्रश्नचिन्ह

सौदी अरेबियात चोवीस वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, लोकांना खेळायला बसवलं. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतोय. पण खरंच तेच माझं काम होतं. कुवेतच्या हद्दीजवळ अल खफजी नावाचं गाव आहे. समोर समुद्रात तेलाच्या विहिरी आणि किनाऱ्यावर कंत्राटी कंपन्यांचे कॅम्प. त्यातल्या एका कॅम्पमधल्या रिक्रिएशन हॉलचा मी इन्चार्ज होतो. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, मात्र माझा हुद्दा होता ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर. मजुराला पंखा, टेबल आणि किल्ल्यांचा जुडगा मिळाला होता, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे घरोघरी बुद्धिबळ चालतं, तसं मलाही लहानपणी काकांनी शिकवलं. टाइमकीपर म्हणून खफजीला गेलो. तिथे कॅरमच्या दोन फुटक्या बोर्डांवरून मारामाऱ्या होत होत्या. कॅम्प बॉस म्हणाला, तुला खेळातलं कळतं ना, मग हे बघ. मी बघायला घेतलं ते बघतच राहिलो. कॅरम, टेबल टेनिस, वाचनालय हे सगळं होतंच, पण माझा जीव बुद्धिबळाच्या सहा टेबलांत. कॅम्पमधले सगळे मला मास्तर म्हणायचे.

या धंद्यात नेमकं काय करायचं असतं ते सांगतो. स्पर्धेच्या डावात प्रत्येक खेळाडू आपली आणि समोरच्याची खेळी कागदावर लिहून ठेवतो. त्याला स्कोअरशीट म्हणतात. डाव संपला की ती शीट माझ्याकडे जमा. मग मी रिकाम्या वेळात तो डाव पटावर पुन्हा मांडायचा आणि कोण कुठे चुकलं ते शोधायचं. आमच्या भाषेत हे पोस्टमॉर्टेम. चांगल्या खेळीपुढे उद्गारचिन्ह द्यायचं, वाईट खेळीपुढे प्रश्नचिन्ह. फारच अचाट खेळी असली तर दोन उद्गारचिन्हं. ही चिन्हं जगभर चालतात, त्यामुळे फिलिपिनो वेल्डरपासून हैदराबादी स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना ती कळायची. आठवड्याचा सर्वोत्तम डाव मी दोन पानांच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये छापायचो. मेसच्या दाराला एक प्रत लागायची आणि एक रियाधला, ओलायातल्या हेड ऑफिसला जायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक क्रेन ऑपरेटर होता, तो हरत आला की टॉयलेटला जायचा आणि परत यायचाच नाही. एक पेशावरचा इलेक्ट्रिशियन हरलेला डाव घेऊन माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, “मास्टरजी, बस वो एक चाल वापस ले लूँ तो जीत गया ना?” मी हो म्हटलं की तो समाधानाने जेवायला जायचा. त्याला पुढची चूक दाखवायची नाही हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो.

आमचे काही नियम पुस्तकात सापडणार नाहीत. स्पर्धा शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर सुरू व्हायच्या. मध्येच अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान व्हायची. अजान झाली की दोन्ही खेळाडूंची घड्याळं बंद आणि हॉलचा दरवाजाही बंद. पण मुसलमान खेळाडू नमाजाला गेला की त्याचा हिंदू किंवा ख्रिश्चन प्रतिस्पर्धी पुढचा अर्धा तास बाहेर बसून पट डोळ्यांपुढे आणू शकायचा आणि शहाणे तर खिडकीतून डोकावून बघायचे. त्यावर बोंबाबोंब झाली. मग मी जेवायला अंथरतात तो प्लास्टिकचा सुफरा अजान झाली की पटांवर पांघरू लागलो. विचार करणारा करतोच, पण निदान तक्रारी थांबल्या.

आता हसनमियांबद्दल.

हसनमिया दापोलीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. कॅम्पमध्ये स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारे. लोखंडी पाइप आणि क्लॅम्प घेऊन टाक्यांच्या भोवती पिंजरे उभे करायचं काम. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वय, अंगाने काटकुळे, बोलणं कमी. गावच्या मराठी शाळेत सातवी. त्यांची स्कोअरशीट देवनागरीत असायची. मला ती वाचायला सोपी जायची आणि बाकी कुणालाच वाचता यायची नाही, याचं आम्हा दोघांनाही बरं वाटायचं.

ते बुद्धिबळ शिकले होते देशी पद्धतीने. आजच्या मुलांना हे माहीत नसेल. आपल्याकडच्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि प्यादं समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं. उंटाच्या घरात पोचलं तर उंट, हत्तीच्या घरात हत्ती. आंतरराष्ट्रीय नियमांत असं काही नाही. प्यादं कुठेही पोचो, वाटेल ते मोहरं मागा, आणि वजीर सर्वांत ताकदवान म्हणून सगळे वजीरच मागतात.

हसनमियांचे हे देशी हात सोडवायला मला वर्ष लागलं. मीही सांगलीत आधी देशीच शिकलो होतो, त्यामुळे हातातली खोड किती चिवट असते ते मला माहीत होतं. ते एकेक घर प्यादी सरकवायचे आणि मी डोक्याला हात लावायचो. मग माझ्या लक्षात आलं की सवय मोडण्यापेक्षा सवयीला जुळेल अशी ओपनिंग द्यावी. डावाच्या पहिल्या आठ-दहा खेळ्यांना ओपनिंग म्हणतात. घराचा पाया म्हणा. त्यात काही नावाजलेल्या पद्धती अशा आहेत की त्यात काळ्याने प्यादी एकेकच घर सरकवायची, उंट कोपऱ्यात दबा धरून बसवायचा आणि समोरच्याला मध्यभागी येऊ द्यायचं. त्यांतल्या काहींना ‘इंडियन’ म्हणतात ते आपल्या या देशी चालीमुळेच. मी हसनमियांना तीच ओपनिंग दिली. ते म्हणाले, “मास्तर, ह्यो तर आमच्याच घरचा खेळ हाय.”

त्या वर्षी आमची कॅम्प स्पर्धा अटीतटीची झाली. अंतिम डाव हसनमिया विरुद्ध थॉमससाहेब. थॉमससाहेब कोट्टायमचे, प्लॅनिंग इंजिनियर, सलग तीन वर्षं विजेते. माणूस सज्जन. हरणाऱ्याला चहा पाजायचा. स्कॅफोल्डर आणि इंजिनियर एका टेबलावर समोरासमोर बसतात अशी कॅम्पमध्ये तेवढी एकच जागा होती, त्यामुळे त्या शुक्रवारकडे दोन-तीनशे लोकांचं लक्ष होतं. विजेत्याला ओलायात, हेड ऑफिसच्या स्पर्धेत, कॅम्पतर्फे पहिल्या टेबलावर खेळायला मिळणार होतं.

मी इन्चार्ज आणि पंचही. त्यामुळे खरं तर मी कुणाला शिकवायला नको होतं. पण थॉमससाहेबांकडे पुस्तकं होती, लॅपटॉप होता आणि हसनमियांकडे मी होतो. एवढ्याने तराजू समान होत असेल तर होऊ दे, असं मी स्वतःला समजावलं.

मी थॉमससाहेबांच्या अकरा जुन्या स्कोअरशीट काढल्या. अकराही डावांत एकच गोष्ट दिसली. काळ्याने राजा कॅसलिंग करून कोपऱ्यात नेला, म्हणजे हत्तीच्या आडोशाला सुरक्षित ठेवला, की साहेब त्या कोपऱ्यावर तुटून पडायचे. वजीर, उंट आणि कडेचं प्यादं, तिन्ही एकदम. मी हसनमियांना तयारी दिली. सातव्या खेळीपर्यंत कॅसलिंग उरकायचं आणि साहेब कोपऱ्यावर आले की आपण मध्यभागी फोडायचं. पुस्तकात तसंच होतं. तीन आठवडे आम्ही रोज ड्यूटीनंतर तासभर तेच घोटलं.

हसनमियांनी एकदा विचारलं, “मास्तर, तो कोपऱ्याची वाट बघतो, तर आपण कोपऱ्यात जायाचं कशाला?”

मी म्हणालो, “राजा मध्ये उघडा ठेवला तर मराल. पुस्तकात आहे ते करा.”

त्यांनी मोहरी पुन्हा मांडायला घेतली. तोच होकार, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी डाव सुरू झाला. थॉमससाहेब पांढरे. पहिल्या सहा खेळ्या दोघांनी भराभर खेळल्या, अगदी आमच्या तयारीप्रमाणे. सातवी खेळी हसनमियांची. कॅसलिंग करायची वेळ. त्यांनी हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. विसरले, मला वाटलं. शेवटी त्यांनी उजव्या हाताच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस, एवढंच.

मी टेबलाजवळ उभा होतो. पंच असल्यामुळे मला काही बोलता येत नव्हतं, पण चेहऱ्यावर आलंच असणार. तीन आठवड्यांची मेहनत आणि ऐन वेळी देशी हात जागा झाला. मी माझ्या कागदावर सातव्या खेळीपुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं.

थॉमससाहेबांनीही बराच विचार केला. मग त्यांनी आपल्या राजाचं कॅसलिंग केलं, हसनमियांच्या उजव्या हाताच्या बाजूला. त्यानंतर डाव असा चालला की साहेबांचा हल्ला डाव्या कोपऱ्यावर गेला तेव्हा तिथे कुणी नव्हतंच, आणि हसनमियांची उजवीकडची प्यादी त्यांच्या राजावर चालून गेली. अस्रला मी सुफरा पांघरला. नमाजानंतर मोहऱ्यांची मारामारी झाली, पट मोकळा झाला आणि डाव शेवटाला आला.

शेवटी पांढऱ्याकडे राजा आणि अडकून पडलेलं एकच प्यादं. हसनमियांकडे राजा आणि तीन प्यादी. त्यातलं एक, तेच उजव्या हाताचं, शेवटच्या ओळीपासून एका घरावर. थॉमससाहेबांनी राजा अशा घरात आणून ठेवला की बघणाऱ्याला वाटावं, त्यांनी हात टेकले. मी मात्र सावध झालो. कारण प्यादं पुढे जाऊन वजीर झालं असतं तर साहेबांच्या राजाला शह बसला नसता आणि हलायला एकही घर उरलं नसतं. याला स्टेलमेट म्हणतात. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. सगळी मेहनत पाण्यात. तिथे वजीर मागणारा फसतो. हत्ती मागितला तर मात्र राजाला दोन घरं मोकळी राहतात आणि डाव जिंकता येतो.

हसनमियांनी प्यादं सरकवलं, बाजूच्या डब्यात हात घातला आणि क्षणाचाही विचार न करता हत्ती काढून कोपऱ्यात ठेवला.

थॉमससाहेबांनी पटाकडे बघितलं, मग हसनमियांकडे. तीन-चार खेळ्यांनंतर त्यांनी उठून हात मिळवला. म्हणाले, “हसनभाई, मुझे लगा था आप क्वीन लोगे.” हॉलमध्ये गलका झाला. स्कॅफोल्डिंगच्या गँगने हसनमियांना उचलून घेतलं. नंतर चहाच्या वेळी साहेब मला म्हणाले, “मास्टरजी, मैं तो ओपनिंग में ही फँस गया था.” मला वाटलं, हरलेला सज्जन माणूस काहीतरी बोलतोय.

आता मी जे केलं ते सांगतो. मला पक्कं ठाऊक होतं की हसनमियांनी स्टेलमेट पाहिलेलं नव्हतं. प्यादं हत्तीच्या घरात पोचलं म्हणून हत्ती. देशी हात. हत्ती घेताना ते स्वतःशी पुटपुटले तेही मी ऐकलं होतं, “हत्तीच्या घरात हत्ती.” तरीही मी बुलेटिनमध्ये त्या खेळीपुढे दोन उद्गारचिन्हं दिली. आणि खाली लिहिलं की काळ्या खेळाडूने हे बरंच आधी ओळखून प्यादं इथवर आणलं, आमच्या कॅम्पमध्ये आजवर खेळली गेलेली ही सर्वांत सुंदर खेळी आहे. सातव्या खेळीपुढे प्रश्नचिन्ह देऊन लिहिलं, वेळ दवडला, सुदैवाने शिक्षा झाली नाही.

असं का लिहिलं? सौदी सरकारची निताकत योजना आली होती. सौदी माणसांना किती नोकऱ्या दिल्या त्यावरून कंपन्यांना रंग मिळायचे. हिरवा चांगला, पिवळा धोक्याचा, लाल म्हणजे परदेशी लोकांचे इकामे अडकले. आमची कंपनी पिवळ्यात होती. कुठल्या खुर्च्यांवर सौदी बसवता येतील याच्या याद्या ओलायात बनत होत्या आणि पंखा-टेबलवाली माझी खुर्ची त्यात सर्वांत सोयीची. मला हेड ऑफिसला दाखवायचं होतं की या हॉलमध्ये काहीतरी असामान्य घडतं. तशी खेळी मला मिळाली होती. खरी खोटी कोण बघणार होतं.

बुलेटिन गाजलं. हेड ऑफिसमधून शाबासकीचा ईमेल आला. प्रोजेक्ट मॅनेजरने हसनमियांना ऑफिसात बोलावून हात मिळवला आणि विचारलं, किती खेळ्या आधी दिसलं होतं? मेसच्या रांगेत लोक त्यांना थांबवून तेच विचारायचे. कुणी पट घेऊन त्यांच्या खोलीवर जायचं, जरा समजावून सांगा म्हणून. हसनमिया सुरुवातीला हसून मान हलवायचे. मग हसणं बंद झालं. मग ते हॉलमध्ये यायचे बंद झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ओव्हरटाइम घेतलाय.

ओलायाच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी ते माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले.

“मास्तर, मी जात नाय रियाधला. थॉमससायबांना पाठवा.”

“अहो, जिंकलात तुम्ही.”

“तुमी लिवलंत ते मी खेळलोच नाय. तिथं मना विचारतील. मी काय सांगू?”

मी म्हणालो, “कोण विचारतंय तिथे? खेळा आणि या. हत्तीची खेळी तुम्हीच खेळलात ना?”

“हात खेळला,” ते म्हणाले आणि गेले. थॉमससाहेब रियाधला गेले, तिसरे आले. हसनमिया पुन्हा कधी पटावर बसले नाहीत. पाच महिन्यांनी त्यांच्या गँगचं कंत्राट संपलं आणि कंपनीने सगळ्यांना फायनल एक्झिट दिलं. पासपोर्टवर शिक्का, कायमचं घरी, खलास. बस सुटताना मी निरोप द्यायला गेलो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बसमध्ये चढले.

त्यानंतर वर्षभरात माझ्या खुर्चीवर माजिद आला. म्हणजे आधी शेजारी खुर्ची मांडून बसला. तीन महिने मी त्याला काम शिकवायचं आणि मग जायचं, असा हुकूम होता. माजिद सौदी, हुफूफचा, तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, आधी कुठल्याशा सरकारी गोदामात कारकून. सकाळी उशिरा यायचा, पण आला की कामाला वाकायचा. मला त्याचा राग यायला हवा होता. दोन आठवडे आलाही. पण तो जाताना रोज मला गाडीतून बाजारात सोडायचा आणि मी काय शिकवलं ते वहीत उतरवायचा, त्यामुळे राग टिकेना.

बुद्धिबळ त्याला अजिबात येत नव्हतं. मी मोहरी कशी चालतात इथपासून सुरुवात केली. नंतर त्याने जुनी सगळी बुलेटिनं मागितली. लॅपटॉपमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम घातला आणि एकेक डाव त्यात भरू लागला. प्रोग्राम प्रत्येक खेळीचं मोल सांगतो. मला त्या यंत्राबद्दल फारसं प्रेम नव्हतं. पण एके दिवशी माजिदने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“मास्टर, ही सातवी खेळी. तुम्ही प्रश्नचिन्ह दिलंय. प्रोग्राम म्हणतो, इथल्या सर्वांत चांगल्या दोन खेळ्यांतली ही एक आहे.”

“प्रोग्रामला काय कळतंय,” मी म्हणालो. तरी बघितलं. अर्धा तास बघितलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं. समोरच्याचा सगळा दारूगोळा डाव्या कोपऱ्यावर रोखलेला. काळा राजा तिथे गेला नाही, तर दारूगोळा वाया. आणि हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकल्यामुळे शेजारचं प्यादं पुढे काढायची वाट मोकळी होते, नेमकी पांढरा राजा जाणार तिकडे. हसनमियांनी आधी स्वतःचं काहीच उघड केलं नाही आणि साहेबांना त्यांचा राजा आधी ठेवायला लावलं. पुस्तकाला धरून मी सांगितलेलं कॅसलिंग केलं असतं, तर त्या अकरा डावांनंतरचे ते बारावे बळी झाले असते.

“चुकून जमलं असेल,” मी म्हणालो. “त्यांना सवय होती एकेक घर प्यादी चालवायची.”

माजिदला मोहरी शिकून सहा आठवडे झाले होते. त्याने फायलीतून हसनमियांची मूळ स्कोअरशीट काढली. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती, पण समासातले आकडे मी इंग्रजीत लिहायला लावायचो. खेळाडूंना माझी शिस्तच होती की दर खेळीला किती मिनिटं घेतली ते समासात लिहायचं. नवख्यांना मी सांगायचो, माणूस कुठे विचार करतो ते घड्याळ सांगतं. बाकी काही बघू नका, घड्याळ बघा.

माजिदने सातव्या ओळीवर बोट ठेवलं. समोर आकडा होता बावीस. मग शेवटच्या ओळींकडे आला, हत्तीच्या खेळीवर. तिथे शून्य.

“मास्टर,” तो अगदी सरळपणे म्हणाला, “इथे विचार केला. इथे नाही केला. तुम्ही उलटं लिहिलंय.”

मी चहा मागवला. पण लाज वाटली, ती अजून वाटते. नुसती चूक झाली असती तर पचवली असती. पण अपघाताला मी जाणूनबुजून दोन उद्गारचिन्हं दिली होती आणि त्या माणसाने बावीस मिनिटं डोकं लावून, माझ्याविरुद्ध जाऊन, जो एकमेव निर्णय घेतला, त्याला सगळ्या कॅम्पसमोर मूर्खपणा ठरवलं होतं. लोक त्यांना जे विचारायचे त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि ज्याचं उत्तर होतं ते कुणी विचारत नव्हतं.

माझी मुदत संपली. किल्ल्यांचा जुडगा मी माजिदच्या हातात दिला आणि सांगलीला आलो. महिन्याभराने त्याने स्वतः काढलेलं पहिलं बुलेटिन मला ईमेलने पाठवलं. मागच्या पानावर चौकटीत दुरुस्ती होती. अमुक डावात सातव्या खेळीपुढचं प्रश्नचिन्ह काढून उद्गारचिन्ह वाचावं, हत्तीच्या खेळीपुढची दोन्ही उद्गारचिन्हं काढावीत. मी सांगितलं नव्हतं. त्यानेच केलं.

ते पान मी छापून घेतलं आणि ठरवलं की हसनमियांना स्वतः नेऊन द्यायचं. मग मुलीचं लग्न आलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कारणं काय, हवी तेवढी सापडतात. डाव खेळला गेला त्याला सहा वर्षं होऊन गेल्यावर मी दापोलीची एसटी पकडली.

घर सापडायला त्रास झाला नाही. अंगणात बांबूचे ढीग होते. गावात कुणाचं घर रंगवायचं असलं की परांची हसनमियाच बांधतात. दाढी पिकली होती, बाकी तसेच. मला बघून घाईने उठले, भाभींना हाक मारली, आत सरबत करायला सांगितलं. गुडघ्याची चौकशी केली, थॉमससाहेबांची केली. मी पिशवीतून ते पान आणि खफजीहून येताना सोबत आणलेली त्यांची मूळ स्कोअरशीट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. माजिदची दुरुस्ती इंग्रजीत होती, ती मराठीत वाचून दाखवली.

“हसनमिया, सातवी खेळी चुकीची नव्हती. त्या डावातली तीच सर्वांत चांगली खेळी होती. मी चुकलो. आणि हत्तीचं मी जे लिहिलं ते खोटं होतं, मला माहीत असून लिहिलं.”

स्वतःच्या अक्षरातली स्कोअरशीट त्यांनी उलटसुलट करून बघितली.

“दुसऱ्या दिवशी मी आलो होतो तुमच्याकडं,” ते म्हणाले. “शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत. बुलेटिन लागायच्या आदी.”

“माझ्याकडे? कशाला?”

“हीच खेळी सांगायला. की मास्तर, तुमचं ऐकलं नाय, पण मनात काय होतं ते सांगतो. तुमी टायप करत होता. तुमी बोललात, ते ऱ्हाऊ दे हसनमिया, हत्तीचं सांगा.”

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते बोलणं माझंच आहे, त्यात शंका नाही. बुलेटिन टाइप करायला बसलो की मी असाच बोलायचो.

भाभींनी कोकम सरबताचे पेले आणून ठेवले. मी वही काढली, पेन काढलं.

“मग आता सांगा,” मी म्हणालो. “बावीस मिनिटं घेतली होतीत. काय विचार केलात ते सगळं सांगा, मी लिहून घेतो.”

हसनमियांनी स्कोअरशीट समोर धरली. सातव्या ओळीवर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत मागच्या सहा खेळ्या म्हटल्या. परत पहिल्यापासून म्हटल्या. डोळे मिटून बसले. मी पेन धरून थांबलो होतो. मग त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

“तेव्हा सगळा पाठ होता, मास्तर,” ते म्हणाले. “आता नाय आठवत.”